साचा फिरतो, पेटी बदलते

दोन पेट्या समोर आहेत असे समजा. दोन्हींत प्लॅस्टिकचे एकच विमान सुट्या भागांत भरलेले आहे. पंख, धड, चाके, बोटाच्या पेराएवढा वैमानिक, असे सारे भाग प्लॅस्टिकच्याच एका काडीला, डहाळीला कैऱ्या लागाव्यात तसे लागलेले असतात. ते कापून घ्यावयाचे, घासावयाचे, जोडावयाचे, रंगवावयाचे. हौशी मंडळी ह्याला मॉडेल किट म्हणतात; आम्ही येथे नुसते किट म्हणू. दोन पेट्यांपैकी एक साठ वर्षांपूर्वीची, कडा झिजलेली. दुसरी गेल्या साली दुकानात आलेली, चकचकीत. आतला माल एकाच पोलादी साच्यातून निघालेला. पंखावरचे रिव्हेट मोजले तर दोन्हींकडे तितकेच भरतात. तरीही संग्राहक पहिल्या पेटीला दुसरीच्या कितीतरी पट किंमत देतो. आणि ज्याला विमान खरोखर जोडावयाचे आहे तो पुष्कळदा दोन्ही बाजूला सारून तिसरीच पेटी मागतो. ह्यातला 'मूळ' माल कोणता, हा आजचा प्रश्न आहे.

हा विषय युनियनच्या माणसाने का घ्यावा, असे काही श्रोत्यांच्या मनात येईल. वसंतातल्या व्याख्यानाला माणसे इतिहास ऐकावयास येतात, आणि इतिहास म्हटला की गड, तह आणि राजे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्यांच्या दारांत जास्त झाले. नेऱ्याहून पनवेल आणि पनवेलहून तळोजे ही आमची रोजची वाट. त्या वाटेवर प्लॅस्टिक मोल्डिंगची जेवढी खाती पाहिली, त्या प्रत्येकात मालकाचा जीव यंत्रापेक्षा साच्यात अधिक अडकलेला दिसला. यंत्र भाड्याने मिळते, माणूस ठेकेदार आणून देतो. साचा मात्र एकच असतो. खेळण्यातल्या विमानांचा इतिहास शोधू लागलो तेव्हा तो सगळा साच्यांचाच इतिहास निघाला, आणि साच्यांच्या मागोमाग कारखाने कोठे उघडले व कोठे बंद पडले ह्याचा इतिहास आला. तो आमच्या हद्दीतला आहे.

साचा म्हणजे काय हे समजून घेण्यास आपणांस फार लांब जावयास नको. पनवेलच्या दक्षिणेस पेण आहे, आणि पेणच्या आसपास हमरापूर, जोहे ही गावे आहेत. तेथे मूर्तिकार प्रथम मातीची एक मूर्ती घडवतो. सोंडेचे वळण, बोटांची ठेवण, पितांबराच्या चुण्या, सगळे त्या एका मूर्तीत असते. मग तिच्यावरून रबराचा साचा उचलतात, त्याला बाहेरून प्लास्टरचा आधार देतात, आणि त्या साच्यातून मूर्तींमागून मूर्ती निघतात. मग रंग होतो आणि शेवटी डोळ्यांची आखणी. आता ह्यातली मूळ मूर्ती कोणती? मातीची पहिली, जी साचा काढल्यावर बहुधा राहतच नाही? साच्यातून निघालेली पहिली? की ज्या मूर्तीची आखणी सर्वांत चांगली झाली ती? पेणच्या माणसाला हा प्रश्न विचारला तर तो हसेल. त्याला दुसराच भेद महत्त्वाचा वाटतो: साचा आपला आहे, की दुसऱ्याच्या तयार मूर्तीवरून कोणी चोरून उचललेला आहे. तयार मूर्तीवरून उचललेल्या साच्यात नाकाची धार बोथट होते, बोटांमधली फट भरते. जाणत्याच्या डोळ्याला ते लगेच कळते. हा भेद ध्यानात ठेवावा, पुढे उपयोगी पडेल.

किटचा साचा पोलादाचा असतो आणि त्याचे दोन भाग असतात. दोन्ही भाग यंत्रात घट्ट मिटतात, तापून पातळ झालेले पॉलिस्टायरीन दाबाने आत जाते, थंड होते, साचा उघडतो आणि भागांची सबंध चौकट बाहेर पडते. ह्याला खात्यात 'शॉट' म्हणतात. साचा नवा असतो तेव्हा दोन्ही भागांची तोंडे इतकी घट्ट बसतात की मध्ये केसही जाणार नाही. लाखो वेळा उघडमीट झाली, कोणी निष्काळजीपणे हाताळला, गोदामात गंज चढला, की तोंडे सैल पडतात आणि भागांच्या कडेला प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा येऊ लागतो. खात्यात त्याला फ्लॅश म्हणतात. आमच्याकडच्या कामगार बाया तो ब्लेडने तासून काढतात आणि त्यांना नगावर पैसे मिळतात. जुन्या साच्यातून काढलेले किट विकत घेणारा हौशी माणूस तेच काम घरी बसून, स्वतः पैसे देऊन, आनंदाने करतो! असो.

आजचा साचा संगणकावर आखून, विजेच्या ठिणगीने वा यंत्राने कोरतात. १९५० आणि १९६०च्या दशकांत रीत निराळी होती. प्रथम कसबी सुतार लाकडात विमानाचा नमुना कोरी, तोही हव्या त्या मापाच्या दुपटी-तिपटीने मोठा. मग पँटोग्राफ नावाच्या यंत्राची एक सुई त्या नमुन्यावरून फिरे आणि दुसरे टोक तोच आकार लहान करून पोलादात कोरी. मोठ्या नमुन्यातली चूक लहान होताना पुसट होई, हा त्यातला फायदा. म्हणजे साठ वर्षांपूर्वीच्या साच्यात एका सुताराचा हात आहे आणि एका डायमेकरचा हात आहे. पेटीवरच्या चित्रकाराचे नाव संग्राहकांना ठाऊक असते. ह्या दोघांची नावे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतात.

ह्या धंद्याचा प्रारंभ इंग्लंडात झाला. लाइन्स ब्रदर्स ही तेथली खेळण्यांची मोठी कंपनी. तिच्या छत्राखाली 'फ्रॉग' नावाने उडणारी विमाने निघत. जमिनीवरून सरळ उडते अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे घेऊन ते नाव झाले होते. १९३६ साली त्यांनी न उडणारी, नुसती जोडून ठेवावयाची प्लॅस्टिकची विमाने काढली आणि त्यांना नाव दिले 'पेंग्विन', कारण पेंग्विन हा न उडणारा पक्षी. प्लॅस्टिक किटची ही पहिली मालिका मानतात. प्लॅस्टिकही आजचे नव्हते. सेल्युलोज ॲसिटेट होते, आणि ते काळाबरोबर वाकते. आज कोणाकडे त्यातली न जोडलेली पेटी असेल तर ती पैशांत श्रीमंत. पण ती जोडावयास घेतली तर पंख पापडासारखे वळलेले सापडण्याचा संभव फार.

दुसरी कंपनी एअरफिक्स. हंगेरीहून आलेल्या निकोलस कोव्ह नावाच्या निर्वासिताने १९३९ साली ती काढली. आरंभी हवा भरावयाची रबरी खेळणी, मग युद्धानंतर प्लॅस्टिकच्या फण्या. होय, केस विंचरावयाच्या फण्या! इंजेक्शन मोल्डिंगचे यंत्र आणून ह्या गृहस्थाने फण्यांचा धंदा इतका वाढवला की ब्रिटनमध्ये त्यात त्याचा हात धरणारा कोणी उरला नाही. १९४९च्या सुमारास फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या विक्रेत्यांसाठी एक छोटा ट्रॅक्टर बनवून देण्याचे काम आले. तो कारखान्यात जोडून द्यावयाचा तर मजुरी पडे. तेव्हा सुटे भागच विकावेत, गिऱ्हाईक जोडून घेईल, असे ठरले. आमच्या मते किटच्या धंद्याचे मर्म येथे आहे. जोडणीची मजुरी वाचली आणि ज्याची वाचली त्याने तिलाच छंद असे नाव दिले. पुढे वूलवर्थ ह्या दुकानांच्या साखळीसाठी 'गोल्डन हाइंड' हे जहाज निघाले. ते दोन शिलिंगांत बसावे म्हणून खोकाही काढून टाकला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीला वर छापील कागदाची पट्टी लावली. आज ती कागदी पट्टी न फाटलेली असेल तर आतल्या जहाजापेक्षा तिलाच मोल अधिक.

त्याच सुमारास एअरफिक्सचे पहिले स्पिटफायर विमान निघाले. त्यावरच्या खुणेच्या अक्षरांवरून संग्राहक त्याला 'बीटीके' म्हणतात. आकाराने ते चुकलेले होते, आणि थोड्याच वर्षांत कंपनीने ते बाजूला ठेवून नवा साचा केला. त्यानंतर स्पिटफायरचे साचे कितीदा तरी नवे झाले. अलीकडच्या काळात तर खरी विमाने लेसरने मोजून साचे आखू लागले. परिणाम असा की एअरफिक्सच्या साऱ्या स्पिटफायरांत जे सर्वांत कमी स्पिटफायरसारखे दिसते, त्यालाच संग्राहकांच्या बाजारात सर्वांत जास्त मान आहे. जोडणारा माणूस त्याच्याकडे ढुंकूनही पाहणार नाही. ह्यात संग्राहक वेडा आणि जोडणारा शहाणा असे आम्ही म्हणत नाही. एकाला धंद्याच्या इतिहासाचा कागद हवा आहे, दुसऱ्याला विमान हवे आहे. वस्तू एकाच नावाने विकली जाते म्हणून दोघांचे भांडण होते इतकेच.

आता साच्यांच्या प्रवासाकडे वळू. १९६४ साली लाइन्स ब्रदर्सने लिव्हरपूलची मेकॅनो कंपनी घेतली. मेकॅनोचे पत्र्याचे सांगाडे आणि 'डिंकी' नावाच्या धातूच्या मोटारी जगभर जात होत्या. म्हणजे फ्रॉगची विमाने आणि डिंकीच्या मोटारी एकाच घरच्या झाल्या. १९७१ साली ते घर कोसळले. वाटण्या झाल्या त्यात फ्रॉग गेले डनबी-कॉम्बेक्स-मार्क्स ह्या कंपनीकडे आणि मेकॅनो व डिंकी गेले एअरफिक्सकडे.

फ्रॉगच्या साच्यांची पुढची हकीगत कादंबरीत शोभावी अशी आहे. १९७०च्या दशकाच्या मध्यास नव्या मालकाने ते साचे सोव्हिएत संघाला देण्याचा करार केला. साच्यांच्या बदल्यात तेथून तयार किट यावयाचे आणि 'नोवो' ह्या नावाने विकावयाचे. पण सोव्हिएत लोकांनी एक अट घातली. महायुद्धात जी राष्ट्रे शत्रुपक्षात होती त्यांची, म्हणजे जर्मन, जपानी व इटालियन विमाने त्यांना नको होती. लाखो माणसे गमावलेल्या देशातल्या कामगाराने यंत्रावर उभे राहून मेसरश्मिट काढावे, हे त्यांना रुचणारे नव्हते, आणि आम्हांस त्यात काही नवल वाटत नाही. तेव्हा फ्रॉगच्या घरातल्या साच्यांची युद्धानंतर तीस वर्षांनी पुन्हा दोन पक्षांत वाटणी झाली. दोस्तांची विमाने मॉस्कोच्या दिशेने गेली, आणि उरलेली रेव्हेलकडे, म्हणजे अमेरिकेत स्थापन झालेल्या मोठ्या किट कंपनीकडे.

१९८० साली डनबी-कॉम्बेक्स-मार्क्सही बुडाली. इंग्लंडातला विक्रीचा मार्ग बंद झाला, पण साचे तेथेच राहिले, कारण साच्याला दिवाळे कळत नाही. सोव्हिएत संघातल्या निरनिराळ्या कारखान्यांतून तीच ब्रिटिश विमाने निघत राहिली. कधी साध्या पिशवीत, कधी जाड पुठ्ठ्याच्या एकरंगी खोक्यात, कधी पंखावर चिकटवावयाच्या खुणांच्या कागदाशिवाय. तेथल्या एका सबंध पिढीच्या मुलांचे बालपण ह्या पिशव्यांवर गेले. १९९१ साली तो देशही राहिला नाही. साचे मात्र नव्या नव्या नावांच्या पेट्यांत माल देतच राहिले. आता सांगा, त्या पिशवीला नक्कल म्हणावयाचे काय? पोलाद तेच, आकार तोच. कंपनी बुडालेली, देश बुडालेला. पुष्कळ वर्षे पश्चिमेकडचे संग्राहक तिला कचरा समजत. आता त्या पिशव्यांचेही संग्राहक झाले आहेत, आणि कोणती पिशवी कोणत्या शहरातली ह्याच्या याद्या ते करतात.

लिव्हरपूलची हकीगत आम्हांस अधिक जवळची वाटते. एअरफिक्सने मेकॅनोचा बिन्स रोडवरचा कारखाना ३० नोव्हेंबर १९७९ रोजी बंद केला. कामगार नऊशेच्या आसपास होते, त्यांत बाया पुष्कळ, आणि पूर्वसूचना जवळजवळ नव्हतीच. कामगार घरी गेले नाहीत. त्यांनी कारखान्याचा ताबा घेतला आणि डिसेंबरच्या थंडीत आळीपाळीने आत बसून राहिले. १९८० साल उजाडल्यावर त्यांना बाहेर काढण्यात आले.

कारखाना बंद झाल्यावर आत बसावयाचे कशासाठी, असे पांढरपेशा माणूस विचारतो. उत्तर आमच्या पट्ट्यातल्या कोणत्याही मोल्डिंग खात्यातली बाई देईल. काही वर्षांपूर्वी येथल्याच एका कारखान्यात, नाव घेण्याचे कारण नाही, दिवाळीच्या सुटीत रात्री टेंपो लागला आणि साचे त्यात चढू लागले. वस्तीतून बातमी आली तसे कामगार धावले आणि फाटकासमोर बसले. यंत्रांकडे कोणी पाहिलेही नाही. यंत्रे राहिली आणि साचे गेले तर खाते मेले. साचे राहिले तर मालकाला बोलणीस यावे लागते. त्या रात्री साचे परत उतरले. चार महिन्यांनी, दिवसाउजेडी, कोर्टाचा कागद घेऊन ते गेले. कोठे गेले हे आम्हांस पुढे बाजारातल्या मालावरून कळले. बादलीच्या तळाशी एक लहानशी चीर उमटत असे, ती आमच्या माणसांच्या ओळखीची होती. नाव नवे, रंग नवा, चीर तीच. फ्रॉगच्या साच्यांचा माग काढणारे संग्राहक हेच करतात: एका भागावरचा ओरखडा धरून साचा देशोदेशी ओळखतात. त्यांच्या ह्या चिकाटीचा आम्हांस मनापासून आदर आहे. ज्या नोंदी कंपन्यांनी ठेवल्या नाहीत आणि, स्पष्टच बोलावयाचे तर, कामगार चळवळीनेही ठेवल्या नाहीत, त्या ह्या छंदी लोकांनी स्वतःच्या पैशाने ठेवल्या आहेत.

लिव्हरपूल बंद करणारी एअरफिक्सही लौकरच खाली बसली. जानेवारी १९८१ मध्ये तिच्यावर दिवाळखोरीचा अधिकारी आला. मग अमेरिकन जनरल मिल्सने तिचा किटचा धंदा घेतला आणि साचे फ्रान्सला नेले. १९८६ साली हम्ब्रोल ह्या रंगांच्या कंपनीकडे मालकी गेली आणि साचे फ्रान्समधल्याच हेलरच्या कारखान्यात राहिले. २००६ साली हेलर अडचणीत आली तेव्हा मोठा घोळ झाला: मालक इंग्लंडात, साचे फ्रान्समध्ये, आणि साच्यांवाचून विकावयास माल नाही. त्या धक्क्याने हम्ब्रोलही बसली. त्याच वर्षाच्या अखेरीस हॉर्नबी कंपनीने एअरफिक्स विकत घेतली आणि साचे सोडवून आणले. दुसऱ्याच्या खात्यात साचा ठेवून काम करून घेणारे आपल्याकडचे लहान कारखानदार ही गोष्ट ऐकून मान डोलावतील.

ह्या साऱ्या भ्रमंतीत हिंदुस्थान कोठे आहे? पुष्कळ ठिकाणी आहे, फक्त लहान अक्षरांत आहे.

१९६०च्या दशकाच्या अखेरीस डिंकी मोटारींचे काही निवृत्त साचे लिव्हरपूलहून कलकत्त्यास आले आणि तेथे त्यांतून 'निकी' ह्या नावाने मोटारी निघू लागल्या. त्या धातूच्या, जोडून तयार मिळणाऱ्या, किट नव्हेत. पण मूळ आणि पुन्हा काढलेले ह्या वादात त्यांचे नाव हमखास निघते. गंमत अशी की लिव्हरपूलची 'ट्रायम्फ हेराल्ड' कलकत्त्यात 'स्टँडर्ड हेराल्ड' झाली, कारण खरी मोटारही आपल्याकडे मद्रासला त्याच नावाने बनत होती. येथे नाव बदलणे ही लबाडी नव्हती. येथल्या रस्त्यावरची गाडी खेळण्यात आली.

मुंबईच्या ब्लो प्लास्टने अमेरिकेच्या मॅटेलशी भागी केली आणि 'लिओ' ह्या नावाबरोबर 'हॉट व्हील्स' मोटारी येथे निघू लागल्या. आमच्यापैकी ज्यांची मुले तेव्हा लहान होती, त्यांच्या घरी त्यातली एखादी रंग उडालेली मोटार अजून सापडेल. गोव्यात फनस्कूल आली. मद्रासची एमआरएफ, म्हणजे टायरवाली, आणि अमेरिकेची हॅस्ब्रो ह्यांची ती भागीदारी. १९८७ साली काम सुरू झाले. हॅस्ब्रोच्या 'जी. आय. जो' ह्या प्लॅस्टिकच्या सैनिकांचे अमेरिकेत वापरून झालेले साचे तिच्याकडे आले. गोव्यातल्या कामगारांनी त्यांतून सैनिक काढले आणि रंग दिला. पुष्कळदा तो अमेरिकेतल्या रंगाहून निराळा होता, कधी भडक, कधी एका सैनिकाचे हात दुसऱ्याच्या रंगाचे. त्या काळी अमेरिकन संग्राहक ह्यांना गरिबांची आवृत्ती म्हणत. मग अमेरिकेतला माल संपला, संग्रहातली मोकळी जागा दिसू लागली, आणि गोव्याचे सैनिक पत्त्यावर मागवून घेण्याची धडपड सुरू झाली. जो रंग चुकला म्हणून नाके मुरडली, तोच रंग आता ओळख ठरला. गोव्यातल्या रंगकाम करणाऱ्या माणसाच्या पगारात ह्यामुळे एक पैसाही वाढला नाही हे सांगावयास नकोच. पण जगातल्या कोणत्याही तज्ज्ञाला आज तो सैनिक ओळखावयाचा तर त्या माणसाच्या ब्रशाच्या फटकाऱ्यावरूनच ओळखावा लागतो.

आणि शेवटी एअरफिक्स स्वतःच येथे आली. हॉर्नबीने तिचे काम प्रथम चीनकडे आणि मग मोठ्या प्रमाणात भारताकडे वळवले. २०१०च्या दशकात निघालेल्या कितीतरी पेट्यांच्या बाजूला 'भारतात बनवलेले' असे छापलेले आढळते. ब्रिटनच्या आकाशातल्या लढाईची विमाने, ज्यांच्यावर तेथला माणूस आजोबाच्या गोष्टी सांगतो, ती भारतीय कामगाराने यंत्रातून काढली. काही ब्रिटिश हौशी लोकांनी प्लॅस्टिक मऊ आहे, कोरलेल्या रेषा खोल आहेत अशी कुरकूर केली. मऊ प्लॅस्टिकचा दोष कच्चा माल निवडणाऱ्याचा आणि खोल रेषेचा दोष साचा आखणाऱ्याचा. यंत्रावरचा माणूस ह्या दोन्हींत नसतो. पण पेटीवर देशाचे नाव असते म्हणून बोल देशाला. पुढे त्यातले काही काम परत ब्रिटनमध्ये गेले. तेथे आता 'व्हिंटेज क्लासिक्स' म्हणून एक मालिका निघते, जुन्याच साच्यांतून, जुन्याच चित्रांसह, आणि हे जुने आहे असे पेटीवर उघड सांगून. हा व्यवहार आम्हांस सरळ वाटतो.

सरळ नसलेले व्यवहारही आहेत, आणि घेणाऱ्याने ते ओळखावेत. साच्यात कोरलेले साल हे साच्याचे असते, शॉटचे नव्हे. विमानाच्या पंखाखाली १९६२ वाचून वस्तू १९६२ची समजणारा फसतो. तो साचा काल रात्रपाळीतही चालला असेल. जुना माल ओळखावयाचा तो पेटीचा कागद, खुणांच्या कागदाचा पिवळेपणा आणि प्लॅस्टिकचा रंग पाहून. जोडणाऱ्याने उलट पाहावे: खुणांचा जुना कागद पाण्यात घातला की तुकडे होऊन तरंगतो, म्हणून त्याला नवी पेटी बरी, पण साचा फार झिजला असेल तर त्याच किटची जुनी काढणी धारेला चांगली. उंचावलेल्या रेषा दिसल्या तर साचा बहुधा जुन्या पिढीचा, कोरलेल्या दिसल्या तर बहुधा नव्या.

येथे पेणची गोष्ट पुन्हा आठवावी. अमेरिकेतील ऑरोरा ही कंपनी १९७७ साली संपली आणि तिचे साचे मोनोग्राम कंपनीने घेतले. ते नेताना रेल्वेला अपघात होऊन काही साचे खराब झाले, अशी गोष्ट संग्राहक सांगतात. काही का असेना, ऑरोराची भुताखेतांची आणि दूरदर्शन मालिकांतली काही लोकप्रिय किट पुन्हा काढावयास साचेच उरले नव्हते. १९९५नंतर पोलर लाइट्स नावाच्या कंपनीने मार्ग काढला. जुनी किट मिळवली आणि त्यांवरून नवे साचे बनवले. म्हणजे तयार मूर्तीवरून साचा उचलला. ह्यात चोरी काही नव्हती, काम उघड होते आणि पुष्कळ चांगलेही होते. पण ही वस्तू मूळही नव्हे आणि पुन्हा काढलेलीही नव्हे. ती तिसरी जात आहे. बाजारात तिन्हींना एकच शब्द लावतात आणि सगळी भांडणे त्यातून होतात. ज्यांनी सीलबंद ऑरोरा पेट्या जपून ठेवल्या होत्या त्यांच्या पेट्यांचा भाव नव्या पेट्या येताच खाली आला, तेव्हा त्यांनी ह्या तिसऱ्या जातीला शिव्या दिल्या. ज्यांना लहानपणी ते किट परवडले नव्हते त्यांनी मात्र पहिल्यांदाच ते विकत घेतले, घरी नेले आणि फोडले.

आमच्याकडे भाव खाली येण्याची भीती फारशी नव्हती, कारण वस्तूच नव्हती. खेळण्यांसारख्या चैनीच्या मालावर आयातीचे निर्बंध होते आणि त्यांतले शेवटचे १ एप्रिल २००१ला उठले. तोपर्यंत परदेशी किट आले ते बोटीवर नोकरी करणाऱ्या कोकणातल्या एखाद्या काकाच्या ट्रंकेतून. ते मूळ की पुन्हा काढलेले, असे कोणी विचारले नाही. ते सुटीच्या पहिल्याच दिवशी जोडले जाई, डिंकाने बोटे चिकटत आणि पंख वाकडा बसे.

कलकत्त्याच्या निकी मोटारींची एक खूण सांगावयाची राहिली. साचे लिव्हरपूलहून आले तेव्हा त्यांच्या तळाच्या भागात 'डिंकी' हे नाव कोरलेले होते. पहिल्या काही मोटारी ते नाव घेऊनच निघाल्या. मग साच्यातून ते काढावे लागले. आज ती मोटार उलटी करून उजेडात तिरकी धरली तर तळाच्या पत्र्यावर एक ओबडधोबड पट्टा दिसतो. लिव्हरपूलच्या एका कामगाराने कोरलेली अक्षरे कलकत्त्याच्या एका कामगाराने जेथे नाहीशी केली, तो हा पट्टा. मोटार खरी निकी आहे की बनावट, हे संग्राहक त्या पट्ट्यावर बोट फिरवून ठरवतात.